सुट्टीतील मोकळ्यावरचे जेवण: बर्फाच्या पेट्या दोन न्याव्यात
राष्ट्रीय सुट्टीला जोडून आलेल्या उन्हाळी शनिवार-रविवारी कुटुंबीय आणि मित्रमंडळी मोकळ्या जागी जेवायला जमणार असतील, तर बर्फाच्या दोन पेट्या न्याव्यात, एक केवळ पेयांसाठी आणि दुसरी केवळ अन्नासाठी. पेयांच्या पेटीचे झाकण, विशेषतः मुले सोबत असली की, सारखे उघडले जाते आणि प्रत्येक वेळी आत उष्ण हवा शिरते. त्याच पेटीत दुधाचे पदार्थ, कापलेली फळे किंवा शिजवलेले मांस असेल, तर ते कोणाच्याही नकळत कोमट होत जाते. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि वास किंवा चवीवरून ते नेहमी कळतेच असे नाही. म्हणून नाशवंत पदार्थ बाहेर काढल्यापासून २ तासांच्या आत संपवावेत. हवा ३२ अंशांहून अधिक तापली असेल, तर ही मुदत १ तासाचीच समजावी. उरलेले अन्न टाकताना जीव हळहळतो, हे खरे. परंतु लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर मंडळी पंगतीत असताना हा धोका पत्करू नये, असे मला मनापासून वाटते. त्यापेक्षा सगळे पदार्थ एकदम न मांडता लहान भांड्यांतून थोडे थोडे बाहेर काढावेत. आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या, वर थोडी जागा रिकामी सोडून, गोठवून ठेवल्या की त्या पेटीत बर्फाचे काम करतात आणि वितळल्यावर ते पाणी पिताही येते. पेट्या सावलीतच ठेवाव्यात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नयेत.