२०० पानांची पंगत: वाढप्यांची कामं अशी वाटा
वाढप्यांना रांगा वाटून देऊ नका, पदार्थ वाटून द्या. एका हातात एकच पदार्थ, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. एवढं मंडळी बसण्याआधीच वाढून घ्या. मग भात, वरण, तूप एकामागोमाग. तूपवाला रेंगाळला की अख्खी ओळ हात आखडून बसते, म्हणून हे काम चपळ पोराला द्या. पोळी आणि पाण्याला जास्तीची माणसं लागतातच.

कोठीवर मात्र एकच जण, भांडी तोच भरून देणार. वाढपी आत शिरले की दारात गर्दी होते आणि जिलबी किती उरली ते कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या पंगतीचा आकडा त्याला आधी कळवा. आग्रहाची फेरी त्याने मान हलवल्यावरच.