बोटं हलतात, तरी हाड मोडलेलं असू शकतं

कुणी पडलं की घरातली पहिली परीक्षा ठरलेली: ‘बोटं हलव बघू. हलतायत? मग मोडलं नाही.’ ही परीक्षा फसवी आहे. बोटं हलवणारे स्नायू असतात कोपराखाली, त्यामुळे मनगटाचं हाड तडकलं तरी बोटं हलतात. त्यापेक्षा एका बोटाने हाडावरून हळूच दाबत जा. नेमक्या एका जागी, थेट हाडावर कळ आली तर एक्स-रे काढायचा. पाय मुरगळला असेल तर घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड, खालच्या 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघा. तिथे दुखत असेल किंवा आधाराशिवाय चार पावलंही टाकता येत नसतील, तर नुसत्या मलमावर थांबू नका.

माणूस कसा पडला, हे डॉक्टरांना नीट सांगा. त्यावरून कुठलं हाड बघायचं ते कळतं. पावसाळ्यात गोदाघाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरणारा हात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. पन्नाशीपुढच्या बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यांचं मनगट अशाने मोडतं. तरुणांचं बहुधा अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्केफॉइड हे छोटं हाड जातं, आणि त्याचा पहिला एक्स-रे साफ येऊ शकतो. अंगठा ताणल्यावर मुळाशी जी खळगी पडते तिथे दुखत असेल, तर हात बांधून ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून सोडून दिलेलं हे हाड पुढे न जुळण्याचा धोका असतो. लहान मुलांचं मात्र कोपरही मोडू शकतं. येवल्यात संक्रांतीला पतंगाच्या नादात गच्चीवरून पडलेला टाचांवर आपटला, तर धक्का कण्यापर्यंत जातो. टाच दुखतेय म्हणाला तरी कंबर तपासून घ्याच.

पडल्याशिवायही हाड तडकतं. पोलीस भरतीसाठी अचानक रोज डांबरी रस्त्यावर पळायला लागलेल्या मुलांची नडगी एकाच जागी दुखू लागते, पळताना वाढते, बसलं की कमी होते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत काही दिसत नाही. पळणं थांबवणं हाच उपाय, मग भरतीची तारीख कितीही जवळ असो.

म्हातारं माणूस बाथरूममध्ये पडलं आणि एक पाय आखूड, बाहेर वळलेला दिसला, तर खुबा मोडला असं धरून चाला. कधी मोडलेली टोकं एकमेकांत रुततात आणि आजी लंगडत चालतेही. जांघेतली कळ हीच खूण. ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालेलं बरं, कारण अंथरुणाला खिळलं की छातीत कफ साठतो.

दवाखान्यात नेण्याआधी अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. सूज चढली की कापाव्या लागतात. द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा दुमडून आत टॉवेल घाला आणि मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा, दोन्ही सांधे जखडतील असा ओढणीने बांधा. वाकडं दिसलं तरी सरळ करायला जाऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवा. तेल लावून चोळणं नको. भूल द्यावी लागेल म्हणून खायला आणि चहाही देऊ नका.

जखमेतून हाड दिसत असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, मांडी मोडली असेल किंवा बोटं थंड, पांढरी, बधिर पडली असतील, तर 108 ला फोन. मान-पाठीच्या माणसाला उचलून रिक्षात कोंबू नका. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा, हळद भरू नका. मांडीच्या फ्रॅक्चरमध्ये आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकतं, वरून दिसत नाही.

हाडवैद्याकडच्या करकचून बांधलेल्या कामट्यांनी जे नुकसान होतं ते हाडाचं नसतं, रक्तपुरवठ्याचं असतं. हाड चार दिवसांनीही बसवता येतं. रक्त न मिळालेला स्नायू साधारण सहा तासांत मरू लागतो. दवाखान्यातल्या प्लॅस्टरलाही हेच लागू. नख दाबून सोडलं की 2 सेकंदांत लाली परत यायला हवी. वेदना गोळीनेही वाढतच असेल, बोटं कुणी हळूच सरळ केली तरी किंचाळावंसं वाटत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी प्लॅस्टर कापून घ्यायला जा.