या चुका टाळा: अपघातात घरचं माणूस गेल्यावर क्लेम करताना

वकिलांच्या ऑफिसात अपघात क्लेमच्या फायली लावायचं काम करतोय बरीच वर्षं. कायदा मला वकिलांएवढा कळत नाही, पण फाइल कुठे सडते ते बरोबर कळतं. बहुतेक गोंधळ पहिल्या पंधरा दिवसांत झालेला असतो, आणि तो निस्तरायला पुढे वर्षं जातात.

सगळ्यात जास्त डोकं कशाने फिरत असेल तर आईचं नाव गाळण्याने. एक केस सांगतो. नवरा गेला, वय 32, मोटार रिवाइंडिंगचं काम करायचा. तेराव्यालाच सासू-सुनेचं वाजलं, सून दोन लेकरं घेऊन माहेरी आणि तिथल्याच वकिलाकडून स्वतःच्या नि मुलांच्या नावाने दावा लावून मोकळी. सासूला का घेतलं नाही तर म्हणे ती वाटा मागेल. इकडे सासूनेही कुणाच्या तरी नादाने दुसऱ्या कोर्टात वेगळा दावा ठोकला. दोन्ही दावे एकत्र आणण्यात वर्ष गेलं, आणि मग गंमत कळली. अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर मयताचा स्वतःचा खर्च म्हणून उत्पन्नातून एक तृतीयांश कापतात, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांशच. सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालापासून हे असंच चाललंय. इथे महिना 15,000 धरले, त्यावर पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के, झाले 21,000. तिघांच्या हिशोबाने हातात 14,000, सासू धरली की 15,750. बारा महिने आणि त्या वयाचा मल्टिप्लायर, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयावरून ठरलेला आकडा, 16, करा गुणाकार, फरक 3,36,000 रुपये! शिवाय मुलगा गेल्याचे आईला जे वेगळे मिळतात ते आहेतच. म्हणजे सासूचा वाटा जवळजवळ वाढलेल्या पैशातूनच निघाला आणि सून वर्षभर तोच वाचवायला भांडत होती. मी आता कुणी आलं की आधी कागदावर वंशावळ काढून घेतो, कोण कुणाशी बोलत नाही ते मला सांगायचं नाही, कोण कुणाच्या जिवावर जगत होतं तेवढं सांगायचं.

दुसरी चूक जन्मतारखेची. आधार जोडलं की झालं असं सगळ्यांना वाटतं. आधार हा वयाचा पुरावा नाही हे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये सांगून झालंय, तरी फायलीत पहिला कागद तोच. आपल्याकडे निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच टाकली, आणि आधारवर परत 1 जानेवारी. एकाचं आधारवर वय 41 आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 39. दोन वर्षांनी काय होतंय? चाळिशीच्या आत स्वतःचा धंदा असणाऱ्याला 40 टक्के वाढ आणि 39 ला मल्टिप्लायर 15, 41 ला 25 टक्के आणि 14. तेच 15,000 उत्पन्न आणि घरात चार माणसं धरली तर एकीकडे 28,35,000 आणि दुसरीकडे 23,62,500. एका दाखल्यासाठी गावच्या शाळेत चक्कर मारायचा कंटाळा एवढा महाग पडतो. मला दाखल्याची झेरॉक्स दाखवू नका, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत आणा.

फिर्याद. जो अपघाताच्या जागी नव्हता तोच मेव्हणा पोलीस स्टेशनला जाऊन ठोकून देतो "गाडी घसरली", म्हणजे समोरच्याची चूकच नाही, मग विमा कंपनी तेच वाक्य शेवटपर्यंत धरून बसते. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा की.

समोरच्या गाडीवाल्याने क्रियाकर्माला म्हणून पन्नास हजार देऊन स्टॅम्पपेपर पुढे केला तर सही नको. पोस्टमॉर्टेम रूमच्या बाहेर वकीलपत्र घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तर अजिबातच नको, आणि टक्केवारीवर फी ठरवणं वकिलांच्या नियमातच बसत नाही हे त्याला सांगून बघा, तोंड बघण्यासारखं होतं.

दावा लावायची मुदत अपघातापासून सहा महिने. 1 एप्रिल 2022 पासूनच्या अपघातांना ही मुदत आहे, त्यावर वरच्या कोर्टात वाद चाललाय पण त्याच्या भरवशावर झोपू नका, वर्षश्राद्ध झाल्यावर बघू म्हणणारे दरवर्षी येतात. अपघात परमुलखात झाला असला तरी दावा तुम्ही राहता तिथे लावता येतो, पोलिसांच्या कागदांसाठी मात्र एकदा तिकडे जावंच लागतं.

उत्पन्न: माणूस गेल्यावर भरलेलं आयटी रिटर्न, लेटरहेडवर छापलेला पगाराचा दाखला, असले उद्योग करू नका. दाखला देणारा मालक साक्षीला उभा राहणार असेल तरच दाखला आणा, नाहीतर पासबुक बरं. बाई गेली असेल तर "ती काही करत नव्हती" असं लिहून देऊ नका, घरकामाचंही उत्पन्न धरतात.

गाडी सापडलीच नाही तर गप्प बसतात लोक. हिट अँड रनला मृत्यूचे 2 लाख मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसीलला.

चूक आपल्याच माणसाची असेल तर समोरच्यावर खोटं रचू नका, गाडी त्याच्याच नावावर असेल तर आधी पॉलिसी काढून बघा. त्यात बहुतेक वेळा मालक-चालकाचं 15 लाखांचं कव्हर असतं, लायसन्स चालू असेल तर. कितीतरी घरांनी ते मागितलंच नाही कारण पॉलिसी डिकीत होती आणि गाडी भंगारात गेली.

आणि निकाल लागल्यावर लहान मुलांचे पैसे कोर्ट एफडीत टाकतं ते 18 पूर्ण होईपर्यंत, त्यावर कोर्टाशी वाद घालू नका. भाच्याची एफडी मोडून बुलेट घ्यायची म्हणून आलेला मामा मी बघितलाय. चहा पाजला आणि घालवला.