बझर वाजला तरी अ‍ॅम्पचा अर्थ कच्चा असू शकतो

कार ऑडिओच्या कामात नवीन आलात की कुणीतरी हातात मल्टिमीटर देतं आणि सांगतं, "एक टोक अ‍ॅम्पच्या मायनसला लाव, दुसरं बॉडीला. बीप आला की अर्थ ओके." (अ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, आणि अर्थ म्हणजे त्याचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडणं.) मलाही असंच शिकवलं गेलं. या एका वाक्याने माझी जेवढी झोप उडवली तेवढी बाकीच्या सगळ्या वायरिंगने मिळून उडवली नसेल. म्हणून इथे बाकीचं थोडक्यात सांगतो आणि अर्थबद्दल पाल्हाळ लावतो.

प्लस-मायनस, आरसीए (डेककडून, म्हणजे डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमकडून, अ‍ॅम्पला सिग्नल नेणारी केबल), रिमोट वायर (डेकबरोबर अ‍ॅम्प चालू करणारी) हे तुम्हाला कळतं असं धरतो. फ्यूजचं मात्र एकदा बजावतो. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत जाणारी वायर वाटेत कुठेही पत्र्याला घासून उघडी पडू शकते, आणि बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून बसवायची रिंग) नसेल तर काम तिथेच थांबवा, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. गाड्या पेटतात त्या अशाच.

आता अर्थ. कंटिन्युइटी तपासताना मीटर सर्किटमधून जेमतेम मिलिअ‍ॅम्पिअरच्या घरातला करंट सोडतो. बऱ्याच मीटरचा बझर तर वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी वाजतो. बझर सोडून ओहमच्या रेंजवर बघाल, तर साध्या मीटरला ०.१ ओहमच्या खालचं दिसत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त भरतो. आपल्याला शोधायचा दोष असतो ०.०५ ओहमचा. तो त्या मीटरला दिसणार कसा?

०.०५ म्हणजे किस झाड की पत्ती, असं वाटेल. गणित करा. ४०० वॉट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प घ्या, कार्यक्षमता ८० टक्के धरा. पूर्ण जोरावर तो बॅटरीकडून ५०० वॉट मागतो, म्हणजे १२.५ व्होल्टला ४० अ‍ॅम्पिअर. ४० गुणिले ०.०५, म्हणजे २ व्होल्ट त्या एका सांध्यात गेले. अ‍ॅम्पच्या वाट्याला उरले १०.५. शिवाय त्या बोल्टवर ८० वॉटची उष्णता, तीही कार्पेटच्या खाली. मग गिऱ्हाईक परत येतं: "आवाज वाढवला की अ‍ॅम्प प्रोटेक्टला जातो." म्हणजे अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद पडतो. आपण अ‍ॅम्प बदलतो, स्पीकर बदलतो, आरसीए बदलतो. अर्थकडे कुणी बघतच नाही, कारण बीप तर आला होता.

अर्थ तपासायचा तो करंट वाहत असताना, आणि ओहममध्ये नाही, व्होल्टमध्ये. इंजिन चालू ठेवा, सब (सबवूफर) जोडलेला असू द्या, ५० हर्ट्झचा टोन लावा आणि नेहमीच्या मोठ्या आवाजापर्यंत न्या. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक थेट बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरं अ‍ॅम्पच्या मायनस टर्मिनलवर. मीटरची वायर पुरत नसेल तर मध्ये कुठलीही लांब पातळ वायर जोडा, चालते. पाच-सात सेकंदात आकडा वाचा आणि टोन बंद करा, उगाच सबची कॉइल तापवू नका. आकडा ०.१-०.२ व्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त व्हा. अर्धा व्होल्ट दिसला तर कुठेतरी घोळ आहे.

कुठे, तेही हाच मीटर सांगतो. एक टोक खांबावरच ठेवा आणि दुसरं पुढे सरकवत जा: क्लॅम्प, बॅटरीची मायनस केबल बॉडीला जिथे लागते तो बोल्ट, डिकीजवळचा उघडा पत्रा, तुमचा लग (अर्थच्या वायरीच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची कडी), शेवटी अ‍ॅम्प. जिथे आकडा एकदम उडी मारतो त्याच्या आधीचा सांधा कच्चा. बहुतेकदा लगखाली रंग राहिलेला असतो. पॉलिश पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासायचं, वरवर ओरखडे काढून भागत नाही. कधी क्रिम्प, म्हणजे वायरीवर लग दाबून बसवलेला सांधा, सैल असतो. पक्कडीने चेपलेल्या लगला मी क्रिम्प म्हणतच नाही. आणि कधी कंपनीचीच बॅटरी-बॉडी केबल बारीक असते. मग डिकीत कितीही घासा, उपयोग नाही. तिच्या जोडीला एक जाड केबल टाकावी लागते. अर्थची वायर प्लसइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. तो जीव वाचवायला आहे.

हीच तपासणी प्लसवरही करा, बॅटरीचा प्लस ते अ‍ॅम्पचा प्लस. तिथे आकडा जास्त आला आणि फ्यूज होल्डर ठीक असेल तर वायरवर संशय घ्या. वर तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेल्या वायरीची वाहकता अस्सल तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश असते, आणि ती जाडजूड इन्सुलेशनमध्ये झोकात विकली जाते. तीच वापरायची असेल तर एक साईज मोठी घ्या.

लाइट मिणमिणले की कपॅसिटर लावणारे उस्ताद तुम्हाला भेटतील. १ फॅराडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत २६ ज्यूल देतो. वरचा अ‍ॅम्प तेवढे सेकंदाच्या विसाव्या भागात गिळतो. मग कपॅसिटरवर चमकणाऱ्या त्या निळ्या आकड्यांचं काय कौतुक? इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शीळ ऐकू आली की आरसीएत फिल्टर घालणारेही तसलेच. डेकचा अर्थ आणि अ‍ॅम्पचा अर्थ यांत फरक पडला की तो करंट आरसीएच्या जाळीतून वाट काढतो, आणि अल्टरनेटर स्पीकरमधून गाऊ लागतो. फिल्टरने शीळ दबते, दोष तसाच राहतो, आणि स्वस्त फिल्टर बेसही खातो. आधी अर्थ बघा. शिकायचंच असेल तर मीटर वापरणाऱ्याकडे शिका, तो चिडका असला तरी चालेल. नुसत्या कानावर काम करणारा माणूस गोड बोलतो, पण तो कान तुम्हाला देऊ शकत नाही.

हे सगळं वाचून हात आखडू नका. ही तपासणी सवयीची झाली की पाच मिनिटांची आहे, आणि एकदा आकडा स्वतः पाहिला की अर्थ या विषयाची भीती कायमची जाते.

कंपनीच्याच डेकवरून स्पीकर वायरीतून सिग्नल घेत असाल तर एवढं पाळा: तिथल्या दोन्ही वायरी जिवंत असतात. 'मायनस' समजून त्यातली एक बॉडीला लावलीत की डेकचा आयसी (चिप) गेला.

अ‍ॅम्पवरचा गेन, म्हणजे येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायचा स्क्रू, हा व्हॉल्यूम नव्हे, हे तुम्ही ऐकलं असेलच. स्पीकर सोडवा, इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट बंद, डेक पाऊण आवाजावर, १ किलोहर्ट्झचा टोन. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पचे वॉट गुणिले स्पीकरचे ओहम यांचं वर्गमूळ येईपर्यंत गेन वाढवा. ७५ वॉट आणि ४ ओहमला १७.३ व्होल्ट. साधे मीटर १ किलोहर्ट्झवर चुकू शकतात, तेव्हा शंका आली तर टोन १०० हर्ट्झचा घ्या, पण मग हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) तेवढ्यापुरता बंद ठेवा. नंतर दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय पास परत लावायला विसरू नका.

गेन शेवटी, अर्थ आधी. व्होल्टेज पडत असताना लावलेला गेन अर्थ दुरुस्त झाल्यावर पुन्हा तपासावाच लागतो. गाडी आठवडाभर खड्ड्यांतून धावली की परत बोलवा आणि लगचा नट पान्याने एकदा आवळून बघा.