जुनी व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा घराण्यातील स्कूटर घेण्यापूर्वी ती कशी पारखावी

नौपाड्यातील एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याखाली किंवा कळव्यातील चाळीच्या मागच्या पडवीत आजही धूळ खात पडलेली चेतक वा लॅम्ब्रेटा दृष्टीस पडते. ती घेऊन पुन्हा रस्त्यावर आणावी असे अनेकांना वाटते. मात्र पाहणी सुरू होते ती रंग, आरसे आणि सीट यांच्यापासून, आणि पहिली चूक तिथेच होते. ही स्कूटर अशीच का घडवली गेली हे ठाऊक असेल, तर ती नेमकी कुठे खचते हेही कळते. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

इटलीतील पोन्तेदेरा येथील पियाजिओचा कारखाना दुसऱ्या महायुद्धापर्यंत विमाने बनवत असे. युद्धात तो बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झाला. रस्ते उखडलेले आणि लोकांच्या हाती पैसा नाही, अशा स्थितीत एनरिको पियाजिओ यांनी स्वस्त दुचाकीचे काम कोरादिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याकडे सोपवले. दास्कानिओ यांना मोटारसायकल आवडत नसे. साखळीचे तेल कपड्यांना लागते, पाय टाकून चढावे लागते आणि पंक्चर झाले की चाक काढणे जिकिरीचे होते, या त्यांच्या तक्रारी होत्या. त्यांनी एकेका तक्रारीवर उत्तर शोधले. इंजिन थेट मागच्या चाकाला जोडून साखळीच काढून टाकली, गिअर डाव्या मुठीत आणला, पाय ठेवण्यासाठी समोर मोकळी जागा केली आणि पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले. 23 एप्रिल 1946 रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि 98 सीसीची पहिली व्हेस्पा त्याच वर्षी बाजारात आली.

पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, मिलानच्या लाम्ब्राते भागातील इनोचेन्ती कारखान्याने लॅम्ब्रेटा आणली. फेर्दिनान्दो इनोचेन्ती यांचा मूळ व्यवसाय पोलादी नळ्यांचा, त्यामुळे त्यांच्या स्कूटरला नळीची चेसिस, म्हणजे सांगाडा, मिळाली.

भारतात या दोन्ही घराण्यांच्या शाखा वाढल्या. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली आणि 1971 मध्ये करार संपल्यावर, 1972 पासून, त्याच घडणीची चेतक काढली. कानपूरच्या एलएमएलनेही पुढे पियाजिओशी सहकार्य केले. लॅम्ब्रेटा आधी मुंबईच्या एपीआयने (ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) बनवली आणि नंतर लखनौच्या स्कूटर्स इंडियाने इनोचेन्तीची यंत्रसामग्री विकत घेऊन विजय सुपर काढली. ठाण्यात आपण रोज ज्या रिक्षात बसतो, तिच्या डाव्या मुठीत फिरणारा गिअर हीसुद्धा व्हेस्पाच्या घराण्याची ठेव आहे.

आता समोरची स्कूटर कोणत्या घराण्यातील आहे हे ठरवावे. पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असेल आणि इंजिन उजव्या पॅनलखाली असेल, तर ती व्हेस्पाच्या वंशातील होय. चाक दोन्ही बाजूंनी धरलेले आणि इंजिन मध्यभागी असेल, तर ती लॅम्ब्रेटा समजावी. पुढची सारी पाहणी या एका भेदावर अवलंबून आहे.

व्हेस्पाच्या घराण्यात वेगळी चेसिस नसते. दाबून आकार दिलेला पत्रा हाच तिचा सांगाडा असतो. म्हणजे फ्लोअर, अर्थात पाय ठेवायचा तळाचा पत्रा, सडला तर केवळ दिसणे बिघडत नाही, गाडीचा कणाच कमजोर होतो. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर, विशेषतः ऐरोलीपासून वाशी-बेलापूरपर्यंत, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे हा धोका अधिक असतो. पाणी रबरी पट्ट्यांखाली साचते, फ्लोअरखालच्या आडव्या पट्ट्यांमध्ये मुरते आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणून वरून पत्रा चकचकीत दिसू शकतो. मी स्वतः यात फसलो आहे. नव्या रंगाची एक चेतक मी संध्याकाळच्या उजेडात पाहून घेतली. घरी आणल्यावर ब्रेकच्या पेडलजवळ लोहचुंबक लावला, तर तो चिकटेचना. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर टणत्काराऐवजी बद्द आवाज आला आणि नखाने खरवडताच गुलाबीसर पुट्टीचा पोपडा निघाला, ज्याखाली तळहाताएवढे भोक होते. तेव्हापासून चुंबक खिशात असल्याशिवाय मी स्कूटर पाहायला जात नाही. पाहणी दिवसाउजेडी करावी, स्कूटर जुन्या गोणपाटावर आडवी करून फ्लोअरची खालची बाजू पाहावी आणि स्टँड जिथे बोल्टने बसवला आहे तिथे पत्रा फाटला आहे का, हे बोट फिरवून तपासावे. थोडा गंज कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. पण मधल्या उंचवट्यापर्यंत तो पोहोचला असेल, तर ती स्कूटर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅम्ब्रेटाच्या बाबतीत इतके घाबरण्याचे कारण नाही. तिचे पॅनल सुटे असल्याने पत्रा सडला तरी बदलता येतो. तिथे लक्ष द्यावे ते नळीकडे, कारण अपघातात वाकलेली नळी सरळ करणे हे गल्लीतल्या गॅरेजचे काम नव्हे. मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का, ते पाहावे.

यंत्राची परीक्षा त्या मानाने सोपी असते. व्हेस्पाच्या घराण्यात दुसरा गिअर जोर देताच सुटत असेल, तर गिअर पकडणारा आतला चार पाकळ्यांचा तुकडा झिजला आहे असे समजावे. त्यासाठी इंजिन उघडावे लागते, म्हणून तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर बहुधा क्रँकचे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलेले असते आणि गिअरचे तेल सिलिंडरमध्ये ओढले जाते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत हे सील कडक होतातच.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. पत्र्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिनवरचा नंबर आरसी बुकाशी अंकन्अंक जुळला पाहिजे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी पर्यावरण कर भरून ती वाढवावी लागते. नंबर एमएच 04 असेल तर ठाणे आणि एमएच 43 असेल तर नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयात थकबाकीची चौकशी आधीच करावी. पन्नास वर्षांहून जुन्या स्कूटरसाठी 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, त्यामुळे वाशी स्टेशनपर्यंत रोज जायचे असेल तर तो मार्ग धरू नये.

व्यवहार झाल्यावर स्कूटर चालवत न आणता टेम्पोतून आणावी. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, टाकी आणि कार्बोरेटर धुऊन घ्यावेत, नवा प्लग बसवावा आणि मगच ताजे पेट्रोल घालावे. टू-स्ट्रोक चेतकसाठी दर लिटर पेट्रोलमागे 20 मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल मिसळावे. पेट्रोलचा कॉक उघडून मिनिटभर थांबावे, चोक ओढावा आणि तरीही इंजिन दाद देत नसेल, तर आपल्या वडीलधाऱ्यांनी केले तेच करावे. गाडी क्षणभर एका बाजूला कलवावी, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जरा जास्त उतरते. मग ती सरळ करून किक मारावी.