बॉयलरला पाणी कुठलं पाजता?

इंदूरला लोकमान्यनगरात माझं साड्यांना पॉलिश आणि स्टीम इस्त्री करून देण्याचं काम आहे. दोन इस्त्र्या, कपड्यातली वाफ खाली ओढून घेणारं एक व्हॅक्यूम टेबल आणि कोपऱ्यात 9 किलोवॅटचा, 24 लिटरचा विजेवरचा बॉयलर. अकरा वर्षांत याचे तीन हीटर जळाले. दोन वेळा मी व्होल्टेजला शिव्या दिल्या. तिसऱ्या वेळी मेकॅनिकनं हीटर बाहेर काढून माझ्या हातातच दिला. नळीवर पाण्यातल्या क्षारांचा, भाकरीच्या पापुद्र्यासारखा पिवळट थर. नखानं उचकटला तर खपली निघाली आणि खाली नळी चिरलेली दिसली. थरामुळे उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस फुटते. व्होल्टेजचा काही संबंध नव्हता.

म्हणून आधी पाण्याचं बघा. आमच्या नळाला नर्मदा येते, तीही एक दिवसाआड. मधल्या दिवशी सगळे बोअर चालवतात, आणि माळव्याच्या काळ्या पाषाणातलं ते पाणी चांगलंच जड असतं. बाटलीत थोडं पाणी, साबणाचे दोन-चार कीस घालून हलवा. फेस न येता वर साय धरली तर ते पाणी बॉयलरला घालू नका. मी 200 लिटरचा झाकणाचा ड्रम फक्त बॉयलरसाठी ठेवलाय. नळ आला की आधी तो भरायचा, मग बाकीचं घर. दिवसाला 40-50 लिटर लागतात, दोन दिवस आरामात निघतात. बोअरशिवाय इलाज नसेल तर पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवा, पण मिठाची भरणी विसरली की तो नुसता शोभेचा.

फार शुद्ध पाणीही चालत नाही, हे मी स्वतःच्या खर्चानं शिकले. एका ओळखीच्यांनी कारखान्यातलं डीएम, म्हणजे क्षार काढून टाकलेलं, पाणी कॅन भरून दिलं. मला वाटलं, आता क्षारांची कटकटच मिटली. पण बॉयलरमधले लेव्हलचे रॉड पाण्यातून वीज वाहते यावरच पातळी ओळखतात. क्षारच नाहीत तर वीज वाहणार कशी? रॉडला पाणी दिसेना, पंप थांबेना, आणि इस्त्रीतून वाफेऐवजी पाण्याची धार एका गिऱ्हाइकाच्या माहेश्वरीवर. साडी भरून द्यावी लागली.

सकाळी बटण दाबण्याआधी काचनळीत पाणी बघायचं. आमच्या दुकानात कामाला असलेला मुलगा नवीन असताना म्हणाला, "आंटी, पानी दिखता नहीं, शायद काँच गंदा है।" काच घाण नव्हती, बॉयलर रिकामा होता. पाणी दिसत नसेल तर नाहीच असं समजायचं. आणि चालू बॉयलर कोरडा पडलेला सापडला तर त्यात पाणी सोडायचं नाही. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की एकदम वाफ उसळते, सांधे तडकतात. वीज बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, मग बघा.

पाणी ठीक असेल तर वरचा वाफेचा व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून सुरू करा. आतली हवा आधी निघून जाते. सलग वाफ यायला लागली की बंद करा. आमचा बॉयलर दाब 4 किलोला (चौरस सेंटिमीटरला 4 किलो) गेला की कट होतो आणि 3 ला परत लागतो. 4 किलोच्या दाबाला आतली वाफ दीडशे अंशांच्या आसपास असते. हे आकडे बदलण्यासाठी प्रेशर स्विचचा स्क्रू फिरवायचा मोह होईल, नका करू.

संध्याकाळी खालून पाणी काढणं, म्हणजे ब्लोडाउन. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. दिवसभरात पाणी गढूळ आणि फेसाळ होतं, मग वाफेबरोबर थेंब उडतात आणि कपड्यावर डाग पडतात. सॉफ्टनर असला तरी हे करावंच लागतं. मेन एमसीबी पाडा, दाबाचा काटा 1 च्या खाली येऊ द्या, मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. मला बॉयलर विकणाऱ्या माणसानं "फुल प्रेशरला काढा, घाण सपाट निघेल" असं सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात उकळतं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीवर आदळून माझ्या पावलावर आलं. आता लोखंडी पाइप भिंतीला क्लॅम्प करून थेट गटारात सोडलाय.

पाणी काढून झालं की खालचा व्हॉल्व्ह बंद आणि वरचा उघडा ठेवून घरी जा. सगळं बंद राहिलं तर गार होताना आत पोकळी तयार होते, ती बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीतलं पाणी ओढून घेते, आणि सकाळी बॉयलर गळ्यापर्यंत भरलेला. मी महिनाभर गळका सोलेनॉइड, म्हणजे पाण्याचा विजेवरचा व्हॉल्व्ह, शोधत होते!

दर पंधरा दिवसांनी लेव्हलचे रॉड काढून पुसते. वीज बंद, दाब शून्य, काटा शून्यावर असला तरी वरचा व्हॉल्व्ह उघडून खात्री, मगच पाना. रॉडवर क्षार चढले तर पाणी असूनही दिसत नाही, पंप चालूच राहतो. याच्या उलट रॉडभोवतीच्या पांढऱ्या टेफ्लॉनवर ओली घाण साचली तर पाणी नसूनही आहे असं वाटतं, आणि हीटर कोरडा तापतो. म्हणून रॉड बारीक पॉलिश पेपरनं घासाच, पण टेफ्लॉन त्याहून मन लावून पुसा. त्याच वेळी पंपाआधीची जाळी धुवायची.

सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा, काटा 3 वर असताना, हातमोजा घालून आणि तोंड बाजूला ठेवून क्षणभर उचलते. फस्स करून वाफ यावी आणि कडी सोडताच थांबावी. ठिबकत राहिला तर नवा घाला. ठिबकतो म्हणून त्याच्या तोंडाला कुणी प्लग बसवलेला दिसला, तर त्या दुकानात उभंही राहू नका.

विजेची बाजू थोडक्यात: आमचे तीन हीटर तीन-तीन किलोवॅटचे आहेत, सुटे करून मोजले की प्रत्येकी साधारण 17-18 ओहम दाखवतात. वायरच्या टोकाचे काळे पडलेले लग बदला. ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायला लागला की हीटर जायला आलाय असं समजा, ईएलसीबी बायपास करू नका. कायद्याचं म्हणाल तर 25 लिटरच्या आतला बॉयलर बॉयलर कायद्यात येत नाही. 2025 च्या नव्या कायद्यातही ही सूट आहे. त्याहून मोठा घ्यायचा तर नोंदणी आणि तपासणी धरूनच हिशोब करा.

आता क्षार काढणं. आमच्याकडे दर दोन महिन्यांनी, सोमवारी, कारण त्या दिवशी दुकान बंद. बाजारात तेजाब स्वस्त मिळतं, पण ते स्टीललाही खातं आणि हीटरच्या नळीलाही. मी सायट्रिक ॲसिड वापरते, लिटरला 50 ग्रॅम. आमच्या बॉयलरला हीटर बुडेपर्यंत 12 लिटर लागतात, म्हणजे 600 ग्रॅम. गिझरचं कोमट पाणी घ्या, हात जेमतेम सोसेल इतकं. उकळत्या पाण्यात घातलं तर विरघळलेला चुनाच नवा थर धरतो. चष्मा आणि रबरी हातमोजे घालून, वरचा प्लग काढून, नरसाळ्यानं ओता. प्लग उघडाच राहू द्या, कारण आत गॅस सुटतो, आणि खिडकीही उघडी ठेवा. ब्लीचिंगची बाटली त्या खोलीतून बाहेर काढा. बॉयलरची वीज या सगळ्या वेळात बंद.

कान लावला तर चुरचुर ऐकू येते, सोडा फुटल्यासारखी. साधारण दीड तासानं थांबते. थांबली म्हणजे काम झालंच असं नाही, ॲसिड संपलेलं असू शकतं. काढून टाका, टॉर्चनं आत बघा, थर दिसला तर निम्मं ॲसिड घेऊन पुन्हा घाला. सुटलेल्या खपल्या तळाला बसतात आणि ब्लोडाउन व्हॉल्व्हमध्ये अडकतात. म्हणून हीटरची प्लेट उघडून हातानं काढाव्या लागतात. प्लेट परत बसवताना गॅस्केट नवीनच. मग दोनदा साध्या पाण्यानं, एकदा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आणि पुन्हा साध्या पाण्यानं धुवा.

पहिली वाफ दहा मिनिटं बाहेर सोडा. नंतर इस्त्री जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर फिरवा. तांबूस ठिपका उमटला, तर साडीला हात न लावता आणखी एकदा धुवायचं.