दिवाळीत मराठी सिनेमा लावताय? या चुका टाळा

गेल्या पंधरा दिवसांत तीन निर्मात्यांचे फोन आले. तिघांचा प्रश्न एकच: "दिवाळी धरू ना?" मी विचारलं, "लक्ष्मीपूजन कुठल्या वारी आहे?" तिघांनाही सांगता आलं नाही. पश्चिम महाराष्ट्रात मराठी सिनेमाची प्रसिद्धी आणि वितरण बघत मला बारा वर्षं झाली. गणपती ते दिवाळी या दोन महिन्यांत दरवर्षी एक-दोन चांगले सिनेमे त्याच त्या चुकांनी झोपतात. दोन वर्षं राबून केलेलं काम चार दिवसांत उतरताना बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

तारीख धरताना सण बघतात, वार बघत नाहीत

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण उशिरा आहेत. गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला. हा 25 तारखेचा दिवस शुक्रवार आहे. म्हणजे त्या दिवशी सिनेमा लावला तर तुमचा पहिला सहाचा खेळ आणि विसर्जनाची मिरवणूक एकाच वेळी. पुण्यात लक्ष्मी रोड आणि टिळक रोड बंद, मुंबईत लालबाग-परळकडे जायची सोय नाही, आणि मुंबईतला काही कोकणी प्रेक्षक अजून गावाहून परतायचाय. तरी "गणपतीचा माहौल असतो" म्हणून हा आठवडा मागणारे लोक मला भेटतात. माहौल मंडपात असतो हो, थिएटरात नसतो.

आता दिवाळी. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी. शुक्रवारी 6 तारखेला सिनेमा लावलात तर ज्या रविवारवर पहिल्या आठवड्याचा सगळा हिशोब उभा असतो, त्याच संध्याकाळी घरोघरी पाटावर केरसुणी आणि वह्या मांडलेल्या असणार. तालुक्याच्या गावात दुकानदार मंडळी सिनेमाला सहकुटुंब येणारी, हक्काची. ती तर वहीपूजनातून नऊशिवाय मोकळी होत नाहीत. सहाचा खेळ गेला, नऊचाही गेलाच. पाडवा मंगळवारी आणि भाऊबीज बुधवारी, खरी गर्दी या दोन दिवसांची. पण मल्टिप्लेक्सचे प्रोग्रामिंगवाले, म्हणजे कुठल्या सिनेमाला किती शो द्यायचे ते ठरवणारे, रविवारचा आकडा बघून सोमवारीच शो कापायला घेतात. गर्दी येते तेव्हा तुमचे शो निम्मे झालेले असतात.

माझं मत स्पष्ट आहे: पाडव्याला लावा, वार कुठलाही असो. 2015 मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई 2' एकाच दिवशी लागले, 12 नोव्हेंबरला. तो गुरुवार होता आणि पाडवा होता. समोर सलमान खानचा मोठा हिंदी सिनेमा त्याच दिवशी लागलेला, तरी 'कट्यार' आठवडेच्या आठवडे चालला. 2022 मध्ये 'हर हर महादेव' लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी आला. शुक्रवारच पाहिजे असा काही नियम नाही.

नाहीतर दिवाळी उलटेपर्यंत थांबा. यंदाच्या दिवाळीसाठी नितेश तिवारींच्या 'रामायण'चा पहिला भाग जाहीर झालेला आहे. असा सिनेमा येतो तेव्हा मोठे पडदे आणि संध्याकाळच्या वेळा आधी तोच घेतो. 'झिम्मा' 2021 मध्ये 19 नोव्हेंबरला आला, कोरोनामुळे थिएटरं पन्नास टक्के खुर्च्यांवर चालू असताना. 'झिम्मा 2' 2023 मध्ये 24 नोव्हेंबरला आला. दोन्ही वेळा दिवाळी उरकलेली होती, फराळाचे डबे रिकामे झाले होते, आणि घरातल्या बायकांना दोन तास स्वतःसाठी मिळत होते. या सिनेमांना बायकांचे गटच्या गट आले, त्यात तारखेचाही वाटा होता.

पितृपक्षाची भीती

हे माझं दुसरं दुखणं. "पितृपक्षात सिनेमा लागत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तारखाच काढून ठेवल्यात. 'नवरा माझा नवसाचा 2' आला 20 सप्टेंबर 2024 ला, 'धर्मवीर 2' आला 27 सप्टेंबर 2024 ला. दोन्ही पितृपक्षात. 'दशावतार' आला 12 सप्टेंबर 2025 ला, तोही पितृपक्षात, आणि त्या वर्षीच्या मोठ्या यशांपैकी एक ठरला. त्या पंधरवड्यात माणसं सोनं घेत नाहीत, लग्नं ठरवत नाहीत, घराचा मुहूर्त करत नाहीत. म्हणजे खर्च नाही, खरेदीची धावपळ नाही, पाहुणे नाहीत. संध्याकाळ मोकळी असते.

यंदा पितृपक्ष 27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर. त्यात 2 ऑक्टोबर शुक्रवारी आलाय. सुट्टी धरून सलग तीन दिवस मिळतात, आणि मराठी निर्माते तो आठवडा सोडून देतात, हिंदीवाले अलगद उचलतात. घरच्यांच्या श्रद्धेचा मान म्हणून पोस्टर आणि ट्रेलर गणपतीतच काढा, तेवढं पुरतं.

शो मोजायचे की वेळा

कोल्हापुरातली गोष्ट आहे, काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीची. सिनेमा कौटुंबिक होता, मनापासून केलेला. निर्मात्यांचा हट्ट एकच, जाहिरातीत थिएटरांचा आकडा मोठा दिसला पाहिजे. वितरकाने मिळतील तिथे मिळतील ते शो घेतले. आकडा 290 झाला, पानभर जाहिरात छापली. त्यातले निम्म्याहून जास्त शो सकाळी साडेनऊचे होते, हे मला गुरुवारी रात्री कळलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी पावणेसहाला मी एका मल्टिप्लेक्सच्या तिकीट खिडकीजवळ उभा होतो. दोन रिक्षांतून अकरा माणसं उतरली. नऊवारीतल्या आजी, दोन लेकी, जावई, पोरं. मुलाच्या कपाळावर ओवाळल्याचा कुंकवाचा टिळा, त्याला दोन अक्षता अजून चिकटलेल्या. आजींनी खिडकीवर आमच्या सिनेमाचं नाव घेतलं. आतला पोरगा म्हणाला, "आजी, तो सकाळी साडेनऊला असतो. आता हिंदी आहे." आजी म्हणाल्या, "भाऊबीजेला सकाळी ओवाळायचं का सिनेमा बघायचा?" मग सगळ्यांनी आपसांत बघितलं, पोरांनी गलका केला, आणि अकरा तिकिटं हिंदीची गेली. माझ्या काखेत आमच्या पोस्टरची गुंडाळी होती.

मी तिथूनच प्रोग्रामिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सकाळी चौदा तिकिटं गेली. चौदावर सहाचा शो कसा देऊ?" त्याच्या बाजूने तो बरोबर होता. साडेनऊला चौदाच येणार, आणि त्या चौदावरून सिनेमाची लायकी ठरणार. पुढच्या शुक्रवारी राज्यात आमचे अकरा शो उरले होते.

मल्टिप्लेक्सने प्राइम टाइमला मराठी सिनेमाचा शो द्यायचा, या सरकारी नियमावर विसंबून राहू नका. 2015 मध्ये सरकारने आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं, मग ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली गेली. दुपारी सव्वाबाराचा शो दिला तरी नियम पाळल्यासारखा होतो, आणि सव्वाबाराला नोकरदार माणूस डबा खात असतो.

मी आता थिएटरं कमी मागतो, पण प्रत्येक ठिकाणी साडेपाच ते सात यांमधला एक शो लेखी मागतो. पुणे, ठाणे, नाशिक इथे दोन. एक पडद्याच्या थिएटरात तीन आणि सहाचा खेळ आपला, बाकीचे दोन त्यांनी कुणालाही द्यावेत. साठ ठिकाणी संध्याकाळचा शो भरला तर शनिवारी रात्री तेच लोक फोन करून शो वाढवतात. निर्माते विचारतात, "साठ आकडा जाहिरातीत कसा दिसेल?" आकडा छापूच नका. गावांची नावं आणि वेळा छापा, प्रेक्षकाला तेच हवं असतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

थिएटरात दाखवायच्या ट्रेलरलाही सेन्सॉरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ते शेवटच्या आठवड्यात आठवतं, आणि गणपतीतल्या मोठ्या सिनेमाआधी तुमचा ट्रेलर लागायची संधी जाते.

सिनेमात बैलजोडी, घोडा, कोंबडा काही असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्या. सेन्सॉर ती मागतंच. ती नाही म्हणून आठवडे गेलेले, आणि मग तारीख गेलेली, मी बघितलीय.

सिनेमाची डिजिटल किल्ली त्या त्या थिएटरच्या सर्व्हरपुरती आणि ठरलेल्या तारखा-वेळांपुरतीच चालते. थिएटरने सर्व्हर बदलला असेल तर ती उघडत नाही. मी गुरुवारी संध्याकाळी प्रत्येक ऑपरेटरला स्वतः फोन करतो: "लावून बघितलं का?" "मेल आलाय" हे उत्तर मी घेत नाही.

कलेक्शनचा आकडा म्हणजे तुमच्या खिशातला पैसा नव्हे. 236 रुपयांच्या तिकिटात 36 रुपये जीएसटी. उरलेल्या 200 मधले पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्सकडून साधारण निम्मे येतात, पुढच्या आठवड्यांत त्याहून कमी. त्यातून वितरकाचं कमिशन आणि व्हर्च्युअल प्रिंट फी, म्हणजे डिजिटल यंत्रणेवर सिनेमा दाखवण्याचे पैसे, जाते. प्रसिद्धीचा खर्च ठरवताना हे गणित वहीत आधी मांडा.

स्वतःचीच तिकिटं घाऊक विकत घेऊन हाऊसफुल्लचा फलक लावणं तर बंदच करा. डोअरकीपरला खुर्च्या दिसतात, तो बाहेर चहावाल्याला सांगतो, आणि चहावाला अख्ख्या गावाला.

नव्या निर्मात्यांची घाई मला सगळ्यात जास्त खटकते. रील दहा लाख लोकांनी बघितली की त्यांना वाटतं काम झालं. रील बघणारा अंगठा सरकवून पुढे जातो, त्याला घरातून उठवून थिएटरात आणायला तारीख, वेळ आणि थिएटरचं नाव लागतं, आणि नेमकं तेच रीलवर नसतं. प्रसिद्धीचे सगळे पैसे शुक्रवारच्या आधी उडवू नका. मी तिसरा हिस्सा सोमवारसाठी बाजूला काढायला लावतो, आणि तो मुंबई-पुण्यात घालत नाही. सोमवारी दुपारी एक वाजता इचलकरंजी, बार्शी, कराड, सांगली असे फोन लावत जातो, खिडकीवरच्या माणसाला एकच विचारतो: "काल बायका किती होत्या?" जिथे "निम्म्याहून जास्त" असं उत्तर येतं, तिथे मंगळवारी सकाळी रिक्षावर भोंगा लावून गाडी फिरते, महिला बचत गटांना फोन जातात आणि बुधवारी नट-नट्यांपैकी कुणीतरी त्या गावात पोचतं.